सांभाळणाऱ्याची प्रत

३ फेब्रुवारी

प्रश्नावली आली. सगळी वाक्यं शुद्ध, आणि एकही माणसाच्या तोंडचं नाही!

'आम्ही उभयता आजारपणाविषयीच्या भावना परस्परांपाशी व्यक्त करतो.' असं बोलणारी दोन माणसं कुणी दाखवावीत, मी त्यांच्या घरी पाणी भरीन.

काम असं – घरातलं एक म्हातारं माणूस आणि त्याला सांभाळणारं घरचंच दुसरं, अशा जोडीसाठी परदेशात तयार झालेली ही प्रश्नावली. प्रती दोन. वाक्यं तीच, तोंडं उलटी. म्हाताऱ्याच्या प्रतीत 'मला काय हवं ते मी त्यांना सांगतो', तर सांभाळणाऱ्याच्या प्रतीत 'त्यांना काय हवं ते ते मला सांगतात'. उत्तरं – कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बरेचदा, नेहमी. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवायचं आणि मग दोन्ही प्रती शेजारी ठेवून बघायचं. कोण किती सुखी हे नाही, दोघांचं जुळतं किती हे. शब्दाला शब्द ठेवून कुणीतरी भाषांतर करून ठेवलंय. मी ते माणसात आणायचं.

नर्सिंग कॉलेजच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "तुमचं सदर वाचते मी. तुम्ही लोकांची खिल्ली उडवता, म्हणजे लोक बोलतात कसे हे तुम्हाला ठाऊक असणार." अशी स्तुती पचवायला पोट लागतं.

फोन ठेवतोय तर आतल्या खोलीतून – "जावईबापू, काम मिळालं वाटतं? आवाज चढलाय तुमचा!"

सासऱ्यांना ऐकू कमी येतं. सोयीचं सोडून. त्यामुळे बोलतात ते सगळ्या इमारतीसाठी. कंबरेचं हाड मोडलं तेव्हा हिनं त्यांना इथं आणलं – महिनाभरासाठी. मग हीच तापानं फणफणली आणि तीन दिवसांत गेली. आणणारी गेली, आणलेला राहिला. आणि मी.

६ फेब्रुवारी

'केअरगिव्हर'ला काय म्हणायचं यात सकाळ गेली. आधीच्या भाषांतरात 'काळजीवाहू'. मी म्हटलं, बाई, काळजीवाहू फक्त सरकार असतं – पडलेलं, तरी खुर्चीत बसलेलं! डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मास्तर हसले. 'सांभाळणारा' ठरलं.

मास्तर म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांचं काम मजेदार आहे – मूळ न बघता माझी वाक्यं परत इंग्रजीत न्यायची. मुळाशी जुळली तर मी पास. "चाळीस वर्षं पोरांच्या चुका काढल्या, आता तुमच्या काढतो," म्हणाले. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

'त्यांनी केलेल्या मदतीबद्दल मी त्यांचे आभार मानतो' यावर जुंपली. मास्तर म्हणाले, "आमची ही एकदाच मला 'आभारी आहे' म्हणाली. त्यानंतर महिनाभर माहेरी होती."

"पण मला कृतज्ञता मोजायचीय!" डॉक्टरीणबाई.

"मोजा ना बाई. फक्त तोंडातून मोजू नका."

९ फेब्रुवारी

आज बाबांची दाढी. एक दिवसाआड असते.

"हात थरथरतो हो, जावईबापू. न्हावी बोलवा एखादा. तुम्ही कशाला... बरं दिसत नाही." हे दर वेळी. मी दर वेळी म्हणतो, "मान वर करा." जावयाच्या हाती पातं देऊन मान वर करायची – समस्त सासरेवर्गाला काळिमा! तरी करतात.

फेस पुसला की हनुवटी वर येते. मधोमध खळी, जराशी डावीकडे सरकलेली. तिची. मी तिथं पातं दोनदा फिरवतो. काढायचं काहीच नसतं.

ती गेली त्या दिवशी मी तिच्याकडे नीट बघितलंच नाही. लोक फार होते. सारखं कुणीतरी खांद्यावर हात ठेवत होतं, आणि खांद्यावर हात ठेवला की माणसाला त्याच्याकडे वळावं लागतं.

बाबा तिला भिंगरी म्हणायचे. एका जागी बसायची नाही म्हणून. आता हा शब्द घरात नाही. आम्ही तिच्याबद्दल बोलत नाही. मला वाटतं, त्यांना लागेल. त्यांना काय वाटतं, तेच जाणोत.

१३ फेब्रुवारी

मेहुण्याचा फोन. गोड माणूस. गोड माणसांशी भांडता येत नाही, हा त्यांचा सगळ्यात मोठा दोष.

"भाऊजी, किती केलंत तुम्ही बाबांचं! आता आम्हाला करू द्या. आमचं घर तळमजल्यावर, त्यांना जिना नको. मार्चच्या मध्याला न्यायला येतो. बाबांनाही तेच हवंय. म्हणाले, जावयाच्या जिवावर किती दिवस काढायचे?"

आणि मी काय म्हणालो? "हो, हो! मुलाचं घर म्हणजे हक्काचं." मी! दर रविवारी अख्ख्या गावाच्या तोंडावर बोलणारा! 'नेऊ नका' – दोन शब्द. जिभेच्या शेंड्यावर आले आणि वळून परत गेले.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "कितीची गाडी?" एवढंच. उभी नोकरी बस डेपोत वेळापत्रकं लावण्यात गेली. पृथ्वी बुडणार म्हटलं तरी विचारतील – कितीला, आणि कुठल्या फलाटावरून?

१४ फेब्रुवारी

निर्णयांचा भाग संपवला. 'काय करायचं ते आम्ही दोघं मिळून ठरवतो.' वाक्य झकास उतरलं. माझा त्याच्याशी काही संबंध नाही.

२१ फेब्रुवारी

चाचणी सुरू झाली. कॉलेजातली एक लांब खोली, मध्ये प्लायवूडचा पडदा घालून दोन केलेली. एकीकडे डॉक्टरीणबाई, दुसरीकडे मास्तर. मी आलटून पालटून. वाक्य वाचायचं, उत्तर घ्यायचं, मग म्हणायचं – आता हेच तुमच्या शब्दांत सांगा बघू.

पहिली जोडी, आजी आणि मुलगा. 'मला काय हवं ते मी त्याला सांगते.' आजी म्हणाल्या, "नेहमी! सांगायला कशाला लागतं? मी खोकले की तो येतो." पडद्यापलीकडे मुलगा – "आई? काही म्हणजे काही सांगत नाही. खोकत बसते नुसती."

दुसऱ्या दोघी बहिणी. थोरली अंथरुणाला, आज चाकाच्या खुर्चीतून आलेली. "निर्णय आम्ही दोघी मिळून घेतो. मी घेते, ती मिळते!"

पण कागदावर बघावं तर जिकडेतिकडे 'नेहमी'. मनातलं बोलता? नेहमी. तुमचं ऐकतात? नेहमी. डॉक्टरीणबाईंनी डोकं धरलं. "इतकी सुखी घरं असतील तर माझी नोकरी गेली!" मी म्हटलं, बाई, परक्यापुढे घरचं कोण काढेल? मारलं तरी म्हणतील, हात फिरवला.

२४ फेब्रुवारी

मला एक सुचलं. किती वेळा हे नंतर विचारा. आधी विचारा – शेवटचं कधी?

त्याच आजींना पुन्हा बोलावलं.

"मुलाशी मनातलं बोलता?"

"नेहमी."

"शेवटचं कधी बोललात?"

आजी पदराशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "त्याच्या लग्नात."

मुलाचे केस पिकलेत.

डॉक्टरीणबाई खूश. "हेच! हेच घालू." मी घरी आलो आणि आठवत बसलो. बाबांशी मी शेवटचं मनातलं काय बोललो? गॅस संपत आलाय, हे.

२८ फेब्रुवारी

दाढी. पंधरवडाच उरलाय. हळूहळू केली. बाबा म्हणाले, "मिश्या कोरताय की देऊळ?"

४ मार्च

आज ठरलेली एक जोडी आली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही आणि तुमचे सासरे चालाल की! सांभाळणारा जावई, असा आमच्याकडे एकही नाही." जणू मी दुर्मीळ पक्षी. रिक्षानं जाऊन बाबांना घेऊन आलो. इस्त्रीचा शर्ट घातला त्यांनी. मुलाखत म्हणजे मुलाखत!

मी पडद्याच्या अलीकडे, मास्तरांसमोर. बाबा पलीकडे. मास्तरांनी माझ्यापुढे सांभाळणाऱ्याची प्रत ठेवली, घसा खाकरला, आणि पलीकडून आवाज आला. बाबांचा. सगळ्या कॉलेजसाठी.

"हा कागद चुकलाय तुमचा. दुसरा द्या."

"आजोबा, हा ज्येष्ठांचाच आहे."

"ज्येष्ठ आहेच मी, ते काय लपतंय? पण सांभाळतो कोण कुणाला? मी सांभाळतो त्यांना. मला तो दुसरा द्या."

मास्तरांचं पेन थांबलं. डॉक्टरीणबाई काहीतरी हळू म्हणाल्या. बाबांकडे हळू नाहीच.

"अहो, सकाळी मी खोकलो नाही तर हे दहापर्यंत उठत नाहीत! उठले की टेबलाला चिकटतात. मी अकराला चहा मागतो. मला कसला चहा हवाय? पित्त होतं मला. पण मागितला नाही तर ते उठत नाहीत, पोटात काही घालत नाहीत. संध्याकाळी म्हणतो, फिरवून आणा. माझी कंबर बोंबलते त्या फिरण्यानं! पण त्यांना वारा लागायला नको?"

डॉक्टरीणबाई काही बोलल्या.

"सांगेन कशाला? जावई आहे तो. मान ठेवावा लागतो."

मी मास्तरांकडे बघत होतो. मास्तर छताकडे.

"दाढीसुद्धा मला येते करता. हे बघा, थरथरतोय का हात? नाही ना? पण करू देतो. तेवढा वेळ ते बघतात कुणाकडे तरी. माझ्याकडे नाही बघत, बाई. भिंगरीकडे बघतात. माझ्या तोंडावर आहे ती थोडीशी. बघू दे. मला काय, मान वर करून बसायचं."

आणि मग – "तिनं सांगून ठेवलंय मला. दवाखान्यात. म्हणाली, बाबा, ह्यांना एकटं सोडू नका, ते बोलतात फार आणि सांगत काहीच नाहीत."

मास्तरांनी हलकेच विचारलं, "पहिलं वाक्य घेऊ?" मी मान हलवली. नको.

बाबा काठी टेकत बाहेर आले. "झाला का तुमचा? सोपा होता पेपर."

५ मार्च

अकराला चहा मागितला. केला. दोघांनी घेतला, दोघांनाही नको असताना.

६ मार्च

भिंगरी. किती दिवसांनी ऐकला तो शब्द – आणि तोही प्लायवूडमधून.

दिवसभर तेच. तिनं सांगितलं म्हणून हा म्हातारा पहाऱ्यावर बसलाय. पित्तावर चहा पितोय, मोडक्या कंबरेनं मला फिरवतोय, स्वतःचा चेहरा एक दिवसाआड मला उसना देतोय. आणि मी समजत होतो, मी त्यांचं करतोय! सदर लिहितो म्हणे, माणसं ओळखतो म्हणे.

आता त्यांना सुखानं मुलाकडे जाऊ द्यायचं. पण मनात माझं ओझं घेऊन गेले तर तिथंही झोप लागायची नाही. त्यांना कळलं पाहिजे की मी बरा आहे. पहारा उठवायचा.

१० मार्च

चार दिवस नाटक चोख वठवतोय. ते खोकायच्या आत उठतो. चहा अकराच्या आधीच. संध्याकाळी एकटाच फिरून येतो आणि दारातूनच ओरडतो – मस्त वारा होता!

आज दाढीचं सामान त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "बाबा, तुमची तुम्ही करून बघा. हात काही एवढा थरथरत नाही तुमचा."

त्यांनी हाताकडे बघितलं. "नाही थरथरत," म्हणाले.

"आणि माझी काळजी करू नका. मी आता एकदम ठणठणीत. निश्चिंत जा."

"हो का?" म्हणाले. आरसा पुढे ओढला. "बरं झालं. म्हणजे आमचं काम संपलं."

उत्तम जमलं. मी तिथून उठलो, कारण बघवत नव्हतं.

१५ मार्च

गेले.

बाबा रोजच्यासारखे काठी टेकत जिना उतरणार होते, पण मेहुण्यानं ऐकलं नाही; त्यानं आणि वरच्या मजल्यावरच्या दोन पोरग्यांनी खुर्चीत बसवून खाली उतरवलं. टॅक्सीत बसल्यावर काच खाली केली. "येतो, जावईबापू. तुम्हाला आता गरज नाही, हे डोळ्यांनी बघून चाललो. समाधान आहे." समाधान असलेला माणूस तोंड पलीकडे वळवत नाही.

मेहुणा म्हणाला, "हुश्श झालं असेल ना, भाऊजी?"

"अगदी!" म्हटलं.

१६ मार्च

दहाला उठलो.

२२ मार्च

शेवटची बैठक. मी हट्ट धरला – प्रतींवर 'ज्येष्ठ' आणि 'सांभाळणारा' असं छापू नका. आधी दोघांना विचारा, तुमच्यात कोण कुणाला सांभाळतं? मग ज्याची त्याला द्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मूळ लेखकांची परवानगी काढावी लागेल. आणि दोघांनीही एकच प्रत मागितली तर?"

"तर द्या दोघांना तीच. तेवढ्यानं तुमचं संशोधन मरणार नाही."

बाहेर मास्तरांनी गाठलं. "त्या दिवशी तुम्ही सगळं ऐकलंत. त्यांना म्हणालात का तसं?"

"नाही."

"मग काय म्हणालात?"

"मी ठणठणीत आहे म्हणून."

मास्तर चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "प्रश्न बरोबर वाचायचा आणि उत्तर नेमकं उलटं लिहायचं! अशी पोरं मी वर्गाबाहेर नाही काढायचो. पहिल्या बाकावर घ्यायचो. डोळ्यांसमोर बरी."

३० मार्च

सदर लिहायला बसलो. पहिलं वाक्य खवचट आलं, दुसरं आलंच नाही. संपादकांना कळवलं, तब्येत बरी नाही. खरं आहे की खोटं, हे सांगायला घरात कुणी नाही.

ती गेली तेव्हा घर इतकं रिकामं नव्हतं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच आहे. तेव्हा आतल्या खोलीत तिच्यासारखं कुणी शिंकायचं. एकामागून एक, थांबतच नाही अशी शिंक. बापलेकीत सारखी. मी इथं बसून मोजायचो आणि क्षणभर चुकायचो. त्या चुकण्यावर वर्ष काढलं मी.

५ एप्रिल

मेहुण्याचा फोन. स्वर कौतुकाचा.

"भाऊजी, तुम्ही बाबांना चांगली शिस्त लावलीत हो! काही म्हणजे काही मागत नाहीत. चहा नको, फिरायला नको. सकाळी आवाज नाही. दाढी स्वतः करतात. घरात माणूस आहे हे कळतसुद्धा नाही!"

गाढवा. मागतील कुणासाठी?

"जेवतात?"

"दिलं तर जेवतात. तुमचं विचारतात मात्र. रोज. मी सांगतो, मजेत आहेत. मग काही बोलत नाहीत."

१२ एप्रिल

प्रश्नावली छापून आली. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही प्रती पाठवल्या, वर चिठ्ठी – 'एकेक वाक्य माणसाच्या तोंडचं झालं.' झालं खरं. बाकीच्यांच्या.

१९ एप्रिल

मेहुण्याला फोन केला. म्हटलं, तुमच्याकडे राहायला येतोय.

"या की! किती दिवस?"

"राहायला."

"म्हणजे... काय झालं, भाऊजी?"

"मला एकट्याला जमत नाही. मला सांभाळायला माणूस लागतं. माझं माणूस तुमच्याकडे आहे."

मग म्हणाला, "थांबा. हे तुम्ही बाबांनाच सांगा."

सांगितलं.

घर भाड्यानं लावतोय. हसा लेको – बायको गेल्यावर, त्रेपन्नाव्या वर्षी, मी घरजावई झालो!